दगडी बंगल्यातलं पहिलं पाऊल

माझा जगदीश भिंत धरून उभा राहायला लागला तेव्हा एकोणीसशे एकोणसाठ साल संपत आलं होतं. ती भिंत घोड्यांच्या तबेल्याची होती. तिच्यात लगाम अडकवायच्या लोखंडी कड्या होत्या. पोरगं कडी धरायचं आणि घोड्यासारखी मान हलवायचं. मी कपाळावर हात मारायची, आणि माझे सासरे म्हणायचे, "असू दे गं कौसल्ये, जागेचा गुण आहे."

आम्ही तबेल्यात राहायचो. घोडे जाऊन बरीच वर्षं झाली होती.

घोडपदेवच्या टेकडीच्या उतारावर तेव्हा एक दगडी बंगला होता. मॅक्लाउड नावाच्या साहेबानं तो बांधला. आम्ही सगळे मकलूदसाहेब म्हणायचो. तो एका गिरणीत सूतखात्याचा मास्तर होता, आणि स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा बेटावरच्या गावातून आला होता. गावाचं नाव मला आजही धड घेता येत नाही. घरची आठवण यायला लागली तेव्हा त्यानं काय करावं? गावातलं बापजाद्यांचं दगडी घर जसंच्या तसं इथे बांधलं. भिंती हातभर जाड, कारण तिकडे वारा फार. खिडक्या एवढ्याशा, कारण तिकडे थंडी फार. छप्पर उभं, म्हणजे बर्फ घसरून पडावं. घोडपदेवला बर्फ काही आलं नाही, कबुतरं मात्र त्या छपरावर बसायला गेली की घसरायची. प्रत्येक खोलीत भिंतीत मोठी चूल होती, शेकायला. ती एकदाच पेटवली होती म्हणतात, नाताळात, आणि आलेले पाहुणे बाहेर अंगणात कोट काढून बसले होते.

मुख्य घर झालं, आता भोवतीच्या इमारतीही तशाच हव्यात. म्हणून तबेला बांधला. मग जळणघर बांधलं, कारण त्या बेटावर चिखलाच्या विटा वाळवून जाळतात आणि त्या साठवायला वेगळं घर लागतं. आणि मग होडीघर बांधलं. समुद्र अंगणातून दिसायचा, पण होडी तिथवर न्यायची तर कॉटन ग्रीनची गोदामं आणि रेल्वेचे रूळ डोक्यावर होडी घेऊन ओलांडावे लागले असते. साहेबानं होडी घेतलीच नाही. पण होडीघर नाही असं घर त्याच्या गावात नव्हतं, म्हणून इथेही ते हवंच होतं.

माझ्या वेळेला जळणघरात कोंबड्या होत्या, होडीघरात जयवंत आणि चंपा हे मालवणकडचं जोडपं राहायचं, तबेल्यात आम्ही, आणि बंगल्यात साहेबाची मुलगी एकटी. तिला सगळे मिसबाई म्हणायचे. बाई ऐंशीच्या पुढची, लग्न न केलेली, मिशनच्या शाळेत जन्मभर शिकवलेली. तिला लहानपणी सांभाळलं होतं माझ्या आजेसासूनं. त्यामुळे मिसबाईंचं मराठी आमच्यासारखंच होतं, शिव्यांसकट. वरून गोरी मडम आणि तोंड उघडलं की आमची आजेसासू. नव्या माणसाला हसू आवरायचं नाही.

माझे सासरे रामजी, म्हणजे आबा, हे साहेबाची घोडागाडी हाकायचे. पण त्यांचा मान गाडीमुळे नव्हता. तो होता वर्षातल्या पहिल्या सकाळचा.

त्या बेटावर अशी रीत आहे की नव्या वर्षी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं त्यावर घराचं सगळं वर्ष ठरतं. पाऊल पुरुषाचं हवं, उंच माणसाचं हवं, आणि केस काळे हवेत. पिंगट केसांचा, गोरागोमटा माणूस पहिला आला की घात. मिसबाई सांगायच्या, "पूर्वी समुद्रातून होड्या भरून चोर यायचे रे तिकडे. पिवळ्या केसांचे. ते मेले दारात दिसले की गाव पळायचं."

"म्हणजे गोऱ्यांना गोऱ्यांचंच भय," आबा म्हणायचे.

"मग काय काळ्यांचं? काळा माणूस दिसला की आपला म्हणायचे, आत ये म्हणायचे."

तर आबा उंच, काळे, आणि सत्तरीतही केस काळेभोर. साहेबाच्या वेळेपासून एक जानेवारीच्या सकाळी पुढचं मोठं दार उघडायचं आणि आबा आत जायचे. एका हातात दगडी कोळसा, चूल पेटती राहावी म्हणून. दुसऱ्या हातात पाव आणि मीठ. खिशात छोटी बाटली. दारूबंदी आली होती, पण मिसबाईंकडे डॉक्टरच्या सल्ल्याचं परमिट होतं. साहेब स्वतः दारात उभा राहून म्हणायचा, या. आबांच्या गावात वाड्यावर कोणी त्यांच्या बापाला ओसरीच्या पायरीला शिवू देत नव्हतं. आबा ही गोष्ट फारशी बोलायचे नाहीत, पण एकतीस डिसेंबरला ते पाय घासत बसायचे. सकाळपासून.

बाकी वर्षभर पुढचं दार बंद. आम्ही सगळे मागच्या दारानं जायचो यायचो.

त्या वर्षी काय झालं, जळणघरातून एक कोंबडी निसटली. आबा तिच्या मागे धावले आणि होडीघराच्या उतारावर पाय मुरगळून बसले. घोटा नारळाएवढा सुजला. मिसबाई काठी टेकत आल्या, घोटा बघितला आणि म्हणाल्या, "मुडद्या, दोन दिवस थांबता आलं नाही तुला?"

"मी थांबलो असतो, कोंबडी थांबेना."

"आता आत कोण येणार माझ्या?"

माझे यजमान शामराव असते तर चाललं असतं, पण ते एक जानेवारीला मंडळाबरोबर कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला जायचे. आदल्या दिवशी गाडीनं निघून गेले होते. म्हणून एकतीस तारखेला दुपारी अंगणात पायांची परीक्षा भरली.

मिसबाई मागच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या. आबा पाय वर करून बाजेवर. माझी नणंद बकुळा हातात तांब्या घेऊन उभी. ती मिसबाईंची सगळी देखभाल करायची आणि रात्री बंगल्यातच, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत झोपायची.

"तळवा सपाट नको," मिसबाईंनी नियम सांगितले. "भुवया जुळलेल्या नकोत. केस काळे. आणि बाई नको."

"बाई का नको?" चंपानं विचारलं.

"मला काय माहीत? पप्पांनी त्यांच्या बापाला विचारलं नाही, मी पप्पांना विचारलं नाही."

जयवंतनं पाय ओला करून फरशीवर उमटवला. सगळा तळवा फरशीवर आला, पाचही बोटांसकट. गिरणीत साच्यावर उभं राहून राहून त्याचे पाय तसे झाले होते.

"ह्यो पाय न्हय, पोळपाट आसा," चंपा म्हणाली.

"ह्याच पोळपाटाची पोळी खातंस ना?" जयवंत म्हणाला आणि बाजूला झाला.

मग दूधवाल्या चाळीतले दोघे आले. एकाच्या भुवया नाकावर भेटत होत्या. तो म्हणाला, मधल्या काढून टाकतो. मिसबाई म्हणाल्या, देवाला फसवतोस काय. दुसरा आला तो चांगला होता, पण टोपी काढल्यावर केसच निघाले नाहीत. चंपाला हसून हसून उचकी लागली.

एवढ्यात रघुवीर आला. सहज आलो म्हणाला. तो आठवड्यातून बरेचदा सहज यायचा. कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात गाठी तोलायच्या कामावर होता, आमच्याच समाजाचा, खालच्या चाळीत राहायचा. उंच, काळा, केस दाट. तो का येतो हे अंगणातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. बकुळा त्याच्या पायावर पाणी ओतायला लागली आणि ओततच राहिली.

"बास कर," मी म्हटलं, "पाय बघायचाय, धुवायचा नाही."

त्यानं पाय उमटवला. मधे छान कमान, टाच वेगळी, चवडा वेगळा. मिसबाई वाकून बघत म्हणाल्या, "रामजी, हा तुझ्यापेक्षा बरा आहे रे."

"तरुण असताना माझा असाच होता," आबा म्हणाले.

मागोमाग रघुवीरची आई, कमळाबाई, हजर. विधवा बाई, अंगानं लहान, आवाजानं मोठी. संयुक्त महाराष्ट्राच्या एकूण एक मोर्चात गेलेली. छप्पन साली तिच्या खांद्यावर लाठी बसली होती, तेव्हापासून डावा हात खांद्याच्या वर जायचा नाही. घोषणा ती उजव्या हातानं द्यायची.

"माझ्या पोराला ओला कशाला केलाय?" तिनं विचारलं.

तिला सगळं सांगितलं. ती खूश झाली, पण दाखवेना. "बापाचे पाय आहेत त्याचे," म्हणाली. "न्या. उद्या सकाळी आणते त्याला. पण रामजीबाबा, पाय मी देते. सून मागू नका."

इथे आमचं सगळं दुखणं होतं. रघुवीरला बकुळा हवी होती, बकुळेला रघुवीर. पण बकुळेला लोकांनी पांढऱ्या पायाची ठरवलं होतं. म्हणजे जिथे जाईल तिथे वाईट घडणार. झालं होतं असं की तिला बघायला पहिलं स्थळ आलं, तेव्हा मुलाच्या आत्याचा दात चकली खाताना तुटला. चकली माझ्या हातची होती, नाव बकुळेचं झालं. दुसरं स्थळ पसंती सांगून गेलं, आणि आठवड्याच्या आत त्या मुलाचं गिरणीतलं काम गेलं. तेव्हापासून तिसरं आलंच नाही. बकुळा बावीस वर्षांची झाली होती. रघुवीर आईला सोडून लग्न करणार नव्हता, आणि आई हो म्हणणार नव्हती.

चंपा धीट होती. तिनं विचारलं, "कमळाबाई, तुम्ही दीक्षा घेतलीत ना? बावीस प्रतिज्ञा म्हटल्यात. तरी पाय बघता?"

"म्हटल्यात. पाठ आहेत. त्यात पायांचं काही नाही."

आबांनी मनातल्या मनात प्रतिज्ञा मोजून बघितल्या असाव्यात, कारण बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते.

दुसरा दिवस शुक्रवार. सकाळी उन्हं आली तेव्हा सगळे पुढच्या अंगणात. मिसबाईंनी त्यांचा जुना चौकटीचा लोकरी शेला घेतला होता आणि त्या आत दाराशी उभ्या होत्या. रघुवीर पांढऱ्या सदऱ्यात, एका हातात कोळसा. त्याला घाम सुटला आणि त्यानं कपाळ पुसलं, कोळशाच्याच हातानं. आता तर तो हवा त्याहून काळा झाला. कमळाबाई पदरानं पुसायला धावली तर आबा ओरडले, "राहू द्या, राहू द्या, चांगलं आहे."

दार उघडलं. उजवं पाऊल आत पडलं. मिसबाई म्हणाल्या, "ये बाबा, बरं झालं आलास." त्यांनी कोळसा घेऊन त्या निरुपयोगी चुलीत ठेवला, पाव मोडला, बाटलीतलं टोपणभर प्याल्या आणि टोपणभर रघुवीरला दिलं. तो खोकला. वर्ष सुरू झालं. मग आम्ही सगळे आत गेलो, पुढच्या दारानं, एकामागे एक. मी जगदीशला कडेवर घेतलं होतं. पुढच्या दारातून तो बंगला मोठा दिसायचा. मागून तो सगळा स्वयंपाकघर वाटायचा.

बकुळेनं केक आणि चहा आणला. कमळाबाई खुर्चीच्या टोकाला बसली होती. चहाचा घोट घेतला आणि तिचाही चेहरा सैल झाला.

"चहा बरा केलास गं. दूध दाट आहे."

कौतुक ऐकून बकुळा हुरळून गेली. "ताजं आहे ना. पहाटे दूधकेंद्रावर गेले होते. पहिल्या पेटीतल्या बाटल्या मिळाल्या, रांगसुद्धा नव्हती."

कमळाबाईनं कप खाली ठेवला.

"आज पहाटे?"

"हो."

"मग आत कुठून आलीस?"

"मागच्या दारानं," बकुळा म्हणाली, आणि मग तिचा हात तोंडावर गेला.

पोरीला नियम माहीत होता. ज्या घरात सगळं आयुष्य गेलं त्या घराचा नियम तिला माहीत नसेल का? मला माहीत होता, आबांना माहीत होता, मिसबाईंना तर पाळण्यापासून. पण आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की मागचं दार हेही दार आहे. दार म्हणजे पुढचं, आबा वर्षातून एकदा जातात ते. मागून आपण जातो ते जाणं नव्हेच, ते काम. मिसबाई पहाटे जाग्या होत्या, बाटल्यांचा आवाज त्यांनी ऐकला होता. त्यांना फक्त चहा आठवला.

जयवंत म्हणाला, "मेलो."

मिसबाई मटकन खुर्चीत बसल्या. एक तर बाई, त्यात बकुळा. मग त्या म्हणाल्या, "थांबा. पप्पा मागचं दार धरायचे नाहीत. कधीच धरलं नाही. तेव्हा ते पाऊल पाऊल नाही. पहिलं रघुवीरचंच."

सुटलो होतो. बकुळा तर रडायच्या बेतातून हसायच्या बेतात आली. आणि आबा, एका पायावर, काठीला धरून उठले.

"मिसबाई, तसं म्हणू नका," ते म्हणाले.

"का रे?"

"माझी आई जन्मभर त्या दारानं आली. तुम्हाला कडेवर घेऊन आली. मी त्या दारानं आलो. ते दार नव्हे म्हणालात, तर मग आम्ही तुमच्या घरात कधी आलोच नाही असं होईल."

"आबा, बसा ना," बकुळा कळवळून म्हणाली.

"बसतो. पण दार ते दार आहे."

मला त्या वेळी आबांचा इतका राग आला की सांगता येत नाही. पोरीचं लग्न त्या दारात अडकलं होतं, आणि हा माणूस दाराची बाजू घेत होता. मिसबाई नाक शिंकरून म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. दार आहे. मग या वर्षी पहिलं पाऊल बकुळेचं. ठरलं."

कमळाबाई उभी राहिली. "झालं म्हणजे," ती म्हणाली. "आता या घराचं जे व्हायचं ते होईल. घराचंच कशाला? राज्य दाराशी आलंय आमचं. चार वर्षं ऊर फोडलाय त्याच्यासाठी. दिल्लीवाले आज हो म्हणतायत, उद्या नाही म्हणतील. या पायांनी आलेलं राज्य माघारी जाईल बघा."

राज्याचा बोल मात्र बकुळेला सोसला नाही. तीही मोर्चात गेली होती, कमळाबाईच्या मागेच चालली होती.

"आणि आलं तर?" ती म्हणाली. "राज्य गेलं तर माझ्या पायानं गेलं. आणि आलं तर माझ्या पायानं आलं म्हणाल का?"

"म्हणेन."

"चारचौघांत?"

"चारशे लोकांत म्हणेन. याच पायरीवर उभी राहून म्हणेन. आणि तुला घरी घेऊन जाईन."

रघुवीरला अजून खोकला येत होता. त्याला कोणी विचारलंच नाही.

त्या दिवसापासून अख्खी टेकडी हिशेब ठेवायला लागली. अंगणात काही झालं की कमळाबाईला बातमी जायची. जयवंतची छत्री ट्राममध्ये राहिली, बकुळेच्या नावावर. छत्री जानेवारीत कशाला नेली होती, असं चंपानं विचारलं, तरी नाव कायम. एक कबुतर धुराड्यात पडलं आणि चुलीतून काजळी उडवत हॉलमध्ये आलं, बकुळेच्या नावावर. उलट आबांचा पाय बरा झाला, तो आमच्या बाजूला. रुसलेली कोंबडी अंडी घालायला लागली, आमच्या बाजूला. कमळाबाई म्हणाली, कोंबड्या धरायच्या नाहीत. चंपा म्हणाली, कबुतरं धरायची तर कोंबड्याही धरायच्या.

मिसबाईंनी सुरुवातीला फार धास्ती घेतली होती. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरायच्या. पण त्यांना राज्याचं वेड लागलं. त्याआधी त्यांना या भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं. आता जयवंत पाळीवरून आला की त्या हाक मारायच्या, "काय रे, आलं का आपलं राज्य?" संध्याकाळी जयवंत मराठी पेपर मोठ्यानं वाचायचा आणि आम्ही सगळे भोवती. मला तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हतं, मी त्याच्या चेहऱ्यावरून बातमी वाचायची. मुंबई वेगळी ठेवणार अशी अफवा उठायची आणि दोन दिवस बकुळा जेवायची नाही. गुजरातला किती पैसे द्यायचे त्यावर अडलंय म्हणायचे, की पुन्हा जेवण बंद.

एकदा भांडी घासताना तिनं मला विचारलं, "वैनी, खरंच अडलं तर?"

"तुझ्या पायानं दिल्ली अडते होय?"

"अडत नाही. कळतं मला. पण दात तर तुटला ना."

"चकली माझी होती गं बाई."

"मग काम गेलं ते?"

लोकांनी एखादी गोष्ट फार वेळा म्हटली की शहाण्या माणसाच्याही मनात ती राहायला येते. बकुळा आपले पाय राखेनं घासत होती, भांड्यांबरोबर.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी जयवंत पेपर घेऊन धावतच टेकडी चढला. धापा टाकत म्हणाला, झाला, कायदा झाला, एक मेला राज्य. मुंबईसकट. मिसबाईंनी काठी टाकून दिली आणि चंपाचे दोन्ही हात धरून गोल गोल फिरल्या. त्यांच्या बेटावरचा नाच होता म्हणे. दोन गिरक्यांत दमल्या आणि बसल्या. मग म्हणाल्या, "त्या कमळीला सांगा कुणीतरी." पण कमळाबाईला कळलं होतं. खालच्या चाळीतून तिचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

तरी ती आली नाही. एक तारखेच्या आधी मानणार नाही म्हणाली. दिल्लीवाल्यांचा भरवसा तिला शेवटच्या दिवसापर्यंत नव्हता.

एक मेला रविवार होता. सगळीकडे तोरणं, दिवे, बँडबाजे. गिरणगावात मध्यरात्रीपासून कोणी झोपलं नव्हतं. सकाळी खालून बायकांचा जथा वर यायला लागला, पुढे कमळाबाई, नवं लुगडं नेसलेली, हातात साखरेची पुडी आणि खण. मागे रघुवीर, त्याच पांढऱ्या सदऱ्यात. चारशे नसतील, पण अंगण भरलं, होडीघराच्या उतारावर पोरं बसली. मिसबाईंनी पुढचं दार उघडायला लावलं.

कमळाबाई पायरीवर चढली. उजवा हात वर केला, घोषणा देतात तसा.

"ऐका गं बायांनो. मी एक जानेवारीला या घरात बोलले होते. राज्य गेलं तर हिच्या पायानं जाईल म्हणाले होते. राज्य आलंय. तेव्हा ते बकुळेच्या पायानं आलं. लाठ्या आम्ही खाल्ल्या, ते वेगळं."

"आई," रघुवीर खालून म्हणाला, "एकशे पाच माणसं गेली. त्यांचं काय?"

कमळाबाईचा हात खाली आला.

"त्यांचंच आहे राज्य," ती म्हणाली. "त्यांनी दाराशी आणून ठेवलं. आत तर कुणीतरी पाऊल टाकायचं होतं."

मग ती खाली उतरली, बकुळेच्या तोंडात साखर घातली आणि एवढी घातली की बकुळेला बोलता येईना. चंपा म्हणाली, बरं झालं, सासूसमोर गप्प राहायची सवय आत्तापासूनच. मिसबाई मला कानात म्हणाल्या, "ही बाई आमच्या बेटावर असती तर त्या पिवळ्या केसांच्या चोरांना होडीसकट खाऊन टाकलं असतं."

लग्न त्याच महिन्यात झालं, बुद्धवंदना म्हणून, बंगल्याच्या अंगणात. पंगती तबेल्यात आणि होडीघरात बसल्या. त्या होडीघरात एवढी माणसं बसलेली साहेबानं बघितली असती तर होडी न घेतल्याचं त्याला वाईट वाटलं नसतं. पांढऱ्या साडीत बकुळा छान दिसत होती. वरात खालच्या चाळीत गेली तेव्हा कमळाबाईनं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, स्वतःही बाहेर आली, आणि सुनेला म्हणाली, तू आधी. मी विचारलं, "कमळाबाई, आता हे कशाला? प्रतिज्ञांत नाही ना?"

"नाही ना. म्हणून तर करतेय," ती म्हणाली.

बकुळा आत गेली. काही तुटलं नाही, काही पडलं नाही. जयवंत म्हणाला, गर्दीत आज आपली चप्पल गेली, पण ते आम्ही कोणी धरलं नाही.

पावसाळ्यानंतर मिसबाई थकत गेल्या. जेवण कमी झालं. बकुळा सासरहून रोज वर यायची, कधी पुढच्या दारानं, कधी मागच्या. मिसबाईंनी पुढच्या दाराला कुलूप लावायचं सोडून दिलं होतं. आबा त्यांच्या खाटेशी बसून जुन्या घोड्यांच्या गोष्टी सांगायचे, आणि त्या चुका काढायच्या, तो घोडा तांबडा नव्हता रे, काळा होता.

शेवटी त्यांना दवाखान्यात हलवलं होतं, तिथेच त्या गेल्या, तेव्हा वर्ष संपलेलं नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर खालच्या चाळीतली एक बाई कमळाबाईला म्हणालीच, "बघा, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. त्या पायांनी शेवटी घरधनीण नेली." मी शेजारीच होते. बकुळा समोर उभी होती, तिनं मान खाली घातली.

कमळाबाईनं त्या बाईकडे नीट बघितलं. म्हणाली, "ब्याऐंशी वर्षांची बाई होती. म्हातारी झाली आणि मेली. माझ्या सुनेच्या पायांचं नाव घेऊ नकोस." आणि बकुळेला म्हणाली, "चल. त्यांना आंघोळ घालायची आहे. तुझ्याशिवाय कोणाला हात लावू देणार नाहीत त्या."

मिसबाई, म्हणजे मिस मॅक्लाउड, बुधवार, नऊ नोव्हेंबर एकोणीसशे साठ रोजी पहाटे वारल्या. माझे सासरे रामजी त्रेसष्ट सालच्या फेब्रुवारीत गेले.